‘पंख्याखाली बसून’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

कॅनडाच्या पूर्वेकडच्या न्यूफाउंडलंड बेटाभोवतीच्या कॉड माशाचा सत्यानाश ट्रॉलरांनी, म्हणजे मोठी जाळी ओढणाऱ्या जहाजांनी केला, सील मारून कॉड परत येणार नाही, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर आपली लांबलचक प्रतिक्रिया आली. कॉड धरण्यावरच्या बंदीचं साल चुकलं, सीलच्या आहाराचे आकडे कच्चे आहेत, सेंट लॉरेन्सच्या आखातातले ग्रे सील मी सोयीने गाळले. आणि शेवटी, ‘पुण्यात पंख्याखाली बसून सीलचा कळवळा यायला काय जातं?’

सालाचं आधी. बंदी 2 जुलै 1992ला जाहीर झाली, मी 1993 लिहिलं. चूक माझीच. दुरुस्त केली आहे, आभार.

आता पंखा. मी चार वर्षं सेंट जॉन्सला, न्यूफाउंडलंडच्या राजधानीत काढली आहेत. यजमानांची नोकरी तिथे होती. आमचे घरमालक बंदी येईपर्यंत स्वतःच्या होडीवर कॉड धरायचे. त्या एका घोषणेने सुमारे 30,000 माणसांचा रोजगार गेला, त्यातले ते एक. एकदा मी त्यांना ‘फिश’ म्हणून सॅमनची आमटी नेऊन दिली. झाकण उघडून बघितलं आणि म्हणाले, ही फिश नाही, हा सॅमन. तिकडे फिश म्हणजे फक्त कॉड. बाकीच्यांना आपापली नावं.

हे गृहस्थ सीलला रोज शिव्या द्यायचे, हे मी लपवत नाही. वसंतात बंदरावर गाडीतून सीलचे वल्हेपाय विकायला यायचे, तेही हौसेने आणायचे. पण जुन्या गोष्टी निघाल्या की ते सांगायचे परदेशी जहाजांबद्दल. रात्री समुद्रावर एवढे दिवे, की तिकडे शहर वसलंय असं वाटायचं. 1968 साली त्या पट्ट्यात 8 लाख टनांवर कॉड उपसला गेला. 1977मध्ये कॅनडाने 200 सागरी मैलांची हद्द आखली, परदेशी ट्रॉलर हटले आणि त्यांच्या जागी घरचे आले! किनाऱ्यावरचे कोळी ऐंशीच्या दशकात ओरडत होते, की मासा लहान येतोय, कमी येतोय. सरकारी अंदाज मात्र समुद्रात भरपूर कॉड असल्याचं सांगत राहिले.

न्यूफाउंडलंडकडच्या सीलचं, म्हणजे हार्प सीलचं म्हणाल, तर सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, कॉडची पहिली वाताहत चालू असताना, ते सर्वांत कमी होते, 20 लाखांच्या आसपास. 70 लाखांच्या वर गेले ते नंतर. आणि ते काही बारा महिने तिथे मुक्काम ठोकून नसतात, उन्हाळ्यात उत्तरेला आर्क्टिककडे जातात. त्यांच्या खाण्यात केपेलिन या छोट्या माशाचा वाटा मोठा, आणि कॉडही केपेलिनवरच जगतो. 1991च्या सुमारास केपेलिनच कोसळला. जूनअखेरीस सेंट जॉन्सजवळच्या मिडल कोव्ह किनाऱ्यावरच्या गोट्यांवर लाटेबरोबर तो अंडी घालायला चढतो, तारलीएवढा, चंदेरी, आणि लोक बादल्या घेऊन धावतात. मीही भरली आहे बादली. गुडघ्यापर्यंत पाण्यात उभी राहून. तिथे पंखा नव्हता.

आपण कधी गेला आहात का हो तिकडे? की आपलाही पंखाच?

खड्यांचा मुद्दा राहिला. ढोमीच्या डोक्यात पांढरा खडा सापडतो ना, तसे कॉडचे खडे सीलच्या पोटात मोजून आहार ठरवतात. पण सील नुसतं पोट फाडून काळीज खातो, डोकं टाकतो, मग खडा मिळणार कसा, असं आपलं म्हणणं. ठीक आहे. हे तिथल्या शास्त्रज्ञांनाही ठाऊक आहे, आपण काही नवा शोध लावलेला नाही. ग्रे सील वेगळी जात, दक्षिण आखातातला कॉड वेगळा. तिथे ग्रे सीलमुळे मोठा कॉड वाढत नाही असं म्हणतात, म्हणोत. माझा लेख त्यावर नव्हता.

मतभेदाला माझी कधीच ना नाही. सूर मात्र सांभाळावा, एवढी अपेक्षा गैर नसावी. पंधरा वर्षं लिहिते आहे, ‘कळवळा’ हा शब्द कुठल्या चालीत उच्चारला जातो ते कळतं मला.

आणि मी पुण्यात राहत नाही, नाशिकला राहते.

आपल्या दुसऱ्या प्रतिक्रियेत यजमानांच्या तेलकंपनीतल्या नोकरीवरून टोमणा होता. ती प्रसिद्ध केलेली नाही, करणारही नाही.