पितळी रेघ आणि तुकोबा

पॅरिसच्या सँ-सुल्पिस चर्चमध्ये फरशीत एक पितळी रेघ बसवलेली आहे, अठराव्या शतकातली. खिडकीतल्या भोकातून येणारा दुपारचा कवडसा तिच्यावर कुठे पडतो ते पाहून ईस्टरचा हिशेब लावायचा. २००३ साली आलेल्या 'द दा विंची कोड' कादंबरीने ती रेघ एका गुप्त पंथाच्या भानगडीत गोवली आणि वाचकांची रीघ लागली. चर्चने एक चिठ्ठी लावली: हे जुन्या दैवताच्या देवळाचे अवशेष नाहीत, खिडक्यांवरची 'पी' आणि 'एस' ही अक्षरं पीटर आणि सुल्पिस या संतांची आहेत, कुठल्या काल्पनिक पंथाची नव्हेत. संपला विषय.

त्या चर्चमध्ये उभा राहून चिठ्ठी वाचताना मला महाबळेश्वर आठवलं.

मी लोणंदचा. २००९चं साहित्य संमेलन आमच्या जिल्ह्यात, महाबळेश्वरला भरलं. निवडून आलेले अध्यक्ष आनंद यादव. त्यांच्या 'संतसूर्य तुकाराम'मधलं तुकोबांच्या तरुणपणाचं चित्रण वारकऱ्यांना झोंबलं. यादवांनी माफी मागितली, पुस्तक मागे घेतलं, तरी अध्यक्षपद सोडावंच लागलं. संमेलन अध्यक्षाविना झालं.

आता 'इकडचे लोक बघा कसे' म्हणायचा मोह होतो. पण २००६ला 'द दा विंची कोड'वरचा सिनेमा आला तेव्हा व्हॅटिकनमधूनही बहिष्काराची हाक आलीच होती. आणि आपल्या आंध्रात सरकारने घातलेली बंदी हायकोर्टाला उठवावी लागली.

लेखकही साळसूद नसतात. त्या कादंबरीच्या सुरुवातीलाच ठासून सांगितलंय की हा पंथ खरा, १०९९ सालचा. प्रत्यक्षात ती १९५६ साली फ्रान्समध्ये नोंदवलेली संस्था. आपल्याकडेही प्रस्तावनेत कागदपत्रांचे, बखरींचे आभार मानायचे आणि कुणी चूक दाखवली की 'अहो, कादंबरी आहे ती!' दोन्ही डगरींवर पाय. शेवटी दोन पानं जोडून आधाराचं कोणतं, मनाचं कोणतं, एवढं सांगायला काय जातं?

पुस्तक मागे घ्यायला लावणं मात्र मला आजही पटत नाही. तुकोबांनी स्वतःबद्दल काय झाकलं? 'दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥' इतकं उघडं कुठला कादंबरीकार लिहील?

हेच मी चर्चमधूनच चुलत्यांना, तात्यांना व्हिडिओ कॉलवर म्हटलं. तात्या माळकरी, माउलींची पालखी लोणंदला आली की घरात पन्नास-साठ माणसांची पंगत. म्हटलं, "तात्या, बुवासुद्धा कीर्तनात आवली आणि तुकोबांचं भांडण रंगवतात. ते कुठल्या कागदात आहे?"

तात्या जरा थांबले. "बुवा रंगवत्यात, पर शेवटी पाया पडाय लावत्यात. पुस्तक वाचून मानूस पाया पडल का?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. कादंबरी पाया पडण्यासाठी नसतेच, हे त्यांना सांगायचं कसं? आणि बुवांना असलेली मोकळीक लेखकाला का नाही, हे ते मला सांगू शकले नाहीत. मग मी फोन फिरवून त्यांना ती रेघ दाखवली, चिठ्ठी मराठीत सांगितली.

"कागद कुनी फाडला न्हाई?"

"नाही."

"मग लोकं आत येऊन देवाकडं बघत्यात का रेघंकडं?"

माझ्यासकट सगळे मोबाइल फरशीकडे रोखून उभे होते.