सुधीररावांच्या प्रतिक्रियेला उत्तर : तांबी फुकट कशाला?

सुधीरराव,

गेल्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘महाराष्ट्रात बाईमागे १.७ मुलं झाली आहेत. आता आमच्या करातून तांब्या (कॉपर-टी) नि गर्भनिरोधक गोळ्या वाटणं बंद करा. तसाही माल वेळेवर येत नाही. हवं त्याने विकत घ्यावं. आणि आणीबाणी विसरलात वाटतं!’

आणीबाणी कशी विसरेन? १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंद्या झाल्या, त्यातल्या बहुतेक पुरुषांच्या. त्यानंतर पुरुष जे निसटले ते निसटलेच, आणि सगळा भार बायकांच्या पोटावर आला. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभर विवाहित बायकांमागे ३८ जणींचं ऑपरेशन झालेलं होतं. नवऱ्याची नसबंदी शंभरात एकीच्याही वाट्याला नाही. तुमचा तो १.७ असा आलाय. माझ्या मावशीचं ऑपरेशन पंचविशीच्या आत उरकलं. टाके सुकायच्या आधी ती भांगलायला गेली होती. तांबी नावाची काही वस्तू असते हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

२०१४ साली छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या शिबिरात एका सर्जनने काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं केली आणि त्यातल्या किमान १३ जणी दगावल्या. अशा शिबिरांवर गेलेल्या सरकारी पैशाचं समर्थन मी करणार नाही. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानेच अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा म्हणून सांगितलं.

पण ‘विकत घ्यावं’ हे कुणाला सांगताय? गेल्या महिन्यात आमच्या उपकेंद्रात बसले होते. एक बाई ‘अंतरा’चं, म्हणजे गर्भनिरोधक, इंजेक्शन घ्यायला आली. ते तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं असतं. सिस्टरने पुढची तारीख कार्डावर लिहिली, तर बाईने कार्ड तिथेच परत दिलं. “घरी नको ताई, सासू वाचते.” सिस्टरच्या खणात रबरबँड लावलेला अशा कार्डांचा गठ्ठाच होता. या बाईने मेडिकलमध्ये जायचं म्हणजे आधी नवऱ्याकडे पैसे मागायचे, कशाला हवेत ते सांगायचं, आणि दुकानात गल्ल्यावर बहुधा चुलतदीरच बसलेला!

माल वेळेवर येत नाही, ही तुमची तक्रार मात्र सोळा आणे खरी. त्या दिवशी ‘छाया’ या गर्भनिरोधक गोळ्या संपल्या होत्या, सिस्टरने शेजारच्या उपकेंद्राला फोन करून दोन पाकिटं मागवली. त्यावर भांडायचं असेल तर मी तुमच्या बाजूने.