चारित्र्य घडवायचं असेल तर मुलांना खलनायक होऊ द्या

मूल्यशिक्षण म्हणून शाळांत जे चालतं त्याबद्दल माझं मत फारसं बरं नाही, हे आधीच सांगून टाकते. गोष्ट वाचायची, खाली तात्पर्य लिहायचं, 'आपण खरे बोलावे का?' या प्रश्नाला 'होय' लिहून गुण मिळवायचे. यातून मुलं एकच गोष्ट पक्की शिकतात, ती म्हणजे मोठ्यांना कुठलं उत्तर आवडतं.

हे नुसतं चिडून बोलत नाहीये. १९२० च्या दशकात अमेरिकेत ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे या दोघांनी हजारो शाळकरी मुलांसमोर कॉपी करायची, पैसे ढापायची, खोटं बोलायची संधी मुद्दाम ठेवली आणि काय होतं ते पाहिलं. एका ठिकाणी सचोटीने वागलेलं मूल दुसऱ्या ठिकाणी बिनदिक्कत फसवत होतं. नैतिक धड्यांच्या वर्गांना जाणारी मुलंही फार वेगळी वागली नाहीत. निष्कर्ष १९२८ पासून छापले गेले. त्याला शंभर वर्षं होत आली आणि आपण अजून तात्पर्यच लिहून घेतोय.

पण मला जास्त भीती वाटते ती चारित्र्यशिक्षण यशस्वी होण्याची. शिस्त, त्याग, निष्ठा, धाडस, काटक शरीर हे सगळं हिटलरच्या युवक संघटनेत मन लावून शिकवलं जात होतं. १९३९ मध्ये तर ती सक्तीची झाली. गुणांची ही यादी कुठल्याही शाळेच्या भिंतीवर शोभेल! लोकशाहीला लागणारे गुण वेगळे असतात आणि ते भिंतीवर फारसे दिसत नाहीत. न पटणारं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणं, हरल्यावर खुर्ची सोडणं, आपल्याच माणसांना 'हे चूक आहे' म्हणणं. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बजावलं होतं की संविधानिक नीतिमत्ता, म्हणजे संविधानाच्या चौकटीचा मनापासून आदर, ही माणसाची उपजत भावना नाही, ती जोपासावी लागते. हा विचार त्यांनी ज्या जॉर्ज ग्रोटकडून घेतला, तो प्राचीन ग्रीसचा इतिहास लिहिणारा इंग्रज होता.

असे गुण कलेतून कसे जोपासता येतील ते पाहायला म्हणून प्राचीन ग्रीसमधल्या अथेन्सकडेच वळते. इ.स.पू. ५०८ च्या सुमारास क्लेइस्थेनिस या तिथल्या नेत्याने नागरिकांचे दहा नवे गण पाडले, तेही किनाऱ्यावरची, शहरातली आणि आतल्या भागातली माणसं मुद्दाम एकत्र कालवून. जुनी घराणी आणि त्यांचे गट मोडावेत हा हेतू. प्रत्येक गणातून ५० जण चिठ्ठ्या टाकून राज्याच्या परिषदेत जात. आणि डायोनिसस या देवाच्या उत्सवात याच गणांचे गायनवृंद उतरत, दर गणाचे ५० पुरुष आणि ५० मुलगे. म्हणजे दर वर्षी हजारभर साधे नागरिक आणि मुलगे आधी महिनोन्‌महिने तालीम करत असणार, गणाच्या नावाने. ज्याच्याशी उद्या परिषदेत वाद घालायचा, त्याच्याशी आज सूर जुळवायचा. या लोकशाहीत बायका नव्हत्या, गुलाम नव्हते, हे विसरून चालणार नाही. तरी कला आणि कारभार यांची इतकी सरळ जोडणी मला दुसरीकडे कुठे दिसलेली नाही.

याच उत्सवात इ.स.पू. ४७२ ला एस्किलसचं 'पर्शियन्स' (म्हणजे इराणी लोक) हे नाटक झालं. आठच वर्षांपूर्वी इराणी सैन्याने अथेन्स जाळलं होतं आणि सलामिसच्या समुद्रात मार खाल्ला होता. नाटक मात्र घडतं शत्रूच्या दरबारात. राजमाता वाट पाहते, दूत मेलेल्या सरदारांची लांबलचक यादी वाचतो. जिंकलेल्या ग्रीकांपैकी एकाचंही नाव नाटकात येत नाही. एस्किलस स्वतः मॅरेथॉनच्या लढाईत इराण्यांशी लढला होता. खर्च उचलला पुढे अथेन्सचा नेता झालेल्या तरुण पेरिक्लिसने. आणि पहिलं बक्षीस मिळालं! आज असं नाटक बसवलं तर काय होईल, याचा विचार ज्याने त्याने करावा.

इथेच पोस्ट संपवता आली असती तर बरं झालं असतं. पण त्याच अथेन्सने पुढे मेलोस बेट जिंकून तिथल्या पुरुषांना मारलं आणि बायकामुलं विकली. लगेच पुढच्या वसंतात, इ.स.पू. ४१५ ला, नाटककार युरिपिडीसने शत्रूने जिंकलेल्या ट्रॉय शहरातल्या बायकांचा आकांत रंगमंचावर आणला. लोकांनी पाहिला आणि त्याच उन्हाळ्यात सिसिलीवर आरमार पाठवलं. नाझींच्या आउशवित्झ छळछावणीत कैद्यांचा वाद्यवृंद होता आणि अधिकारी त्याचं संगीत ऐकत. तेव्हा कलेने माणूस आपोआप भला होतो असं कुणी म्हटलं की मी गप्प बसते, कारण मला ते खोटं वाटतं.

माझा भरवसा पाहण्या-ऐकण्यावर कमी आणि करण्यावर जास्त आहे. मुलांच्या नाटकांच्या तालमी घेताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. जुलमी माणसाची भूमिका मिळालेलं मूल आधी डोळे वटारतं, आवाज चढवतं. मग कुणीतरी विचारतं, 'अरे, पण याला स्वतःला आपण बरोबर आहोत असं का वाटतं?' तिथे खरं काम सुरू होतं. त्या माणसाची बाजू आतून मांडायची, ती पटलेली नसताना. मग मित्र सांगतात, 'नाही जमलं, पुन्हा कर.' मूल रुसतं, भांडतं, पुन्हा करतं. अपमान न मानता टीका ऐकण्याचा इतका सराव शाळेत दुसरीकडे कुठे मिळतो? गणितात चूक झाली तर उत्तर चुकतं, इथे चुकतो तो आपला अंदाज, दुसऱ्या माणसाबद्दलचा.

ब्राझीलचा नाटककार ऑगुस्तो बोआल याने हे मोठ्यांसाठी केलं. त्याच्या नाटकात प्रेक्षक प्रयोग थांबवून मंचावर येतो आणि 'मी असतो तर असं केलं असतं' हे करून दाखवतो. तो १९९३ ते १९९६ रिओच्या नगरपरिषदेत सदस्य होता. वस्त्यावस्त्यांतल्या अशा प्रयोगांतून निघालेल्या सूचना त्याने सभागृहात नेल्या आणि त्यातून १३ कायदे झाले.

आपल्या शाळांत कला असते, नाही असं नाही. पण पालकांसमोर सफाई दिसावी म्हणून शिक्षकच सगळं ठरवतात, हावभावसुद्धा. मुलं हुबेहूब नक्कल करतात, सगळे टाळ्या वाजवतात. मी याला कवायत म्हणते. प्रयोग ओबडधोबड झाला तरी चालेल, पण संहितेवर मुलांना भांडू द्या, शेवट त्यांना बदलू द्या, आणि कृपा करून त्याला गुण देऊ नका. वेळ कुठून आणायचा म्हणाल तर तात्पर्य लिहिण्याचा तास आहेच की. तो उद्यापासून मोकळा करा.