श्रमप्रधान म्हणजे घाम नव्हे

स्पर्धा परीक्षेच्या नोट्स म्हणून एक मजकूर फिरतोय: ‘श्रमप्रधान उद्योग म्हणजे अंगमेहनतीचे, कौशल्य न लागणारे, मागास देशांतले उद्योग. यंत्र आले की ते संपतात.’ दोन वाक्यं, चार चुका.

अंगमेहनतीचं आधी. श्रमप्रधान हा शब्द तुलनेचा आहे: उत्पादनात भांडवलाच्या मानाने श्रम किती लागतात? पोलादाच्या भट्टीपुढचा कामगार घामाने निथळतो, तरी तो कारखाना भांडवलप्रधानच, कारण एकेका माणसामागे भट्टी, क्रेन, रोलिंग मिल असा अफाट पैसा गुंतलेला असतो. पंख्याखाली बसून केलेलं भाषांतर मात्र श्रमप्रधान. तिथे खर्च म्हणजे मुख्यतः माणसाचा वेळ.

कौशल्य लागत नाही? येवल्याला जाऊन पैठणीचा पदर विणताना पाहा. मोराच्या प्रत्येक रंगाची कांडी वेगळी, ती हातानेच फिरवायची. नक्षी भरगच्च असली तर एका साडीत महिने जातात. त्या नोट्स लिहिणाऱ्याने मागावर एक दिवस बसावं, एवढंच म्हणतो.

‘मागास देश’ हे तर 1953 सालीच डळमळलं. अर्थतज्ज्ञ वासिली लिओन्टिएफ यांनी अमेरिकेच्या अर्थव्यवस्थेचे 1947चे आकडे तपासले. भांडवलाने संपन्न देश भांडवलप्रधान माल निर्यात करणार, अशी सगळ्यांची अपेक्षा होती. निघालं उलटंच: अमेरिकेची निर्यात आयातीशी स्पर्धा करणाऱ्या देशी मालापेक्षा जास्त श्रमप्रधान होती. या कोड्याची एक उकल अशी की ते श्रम शिकलेल्या, कसबी माणसांचे होते.

आता यंत्र. श्रमप्रधान किंवा भांडवलप्रधान असते ती पद्धत, वस्तू नव्हे. भाताची लावणी कोकणात वाकून हाताने होते, जपानात यंत्राने, भात तोच. साखरेत तर दोन्ही पद्धती एकाच धंद्यात नांदतात. कारखाना भांडवलप्रधान, पण त्याला ऊस पुरवणारी तोडणी अजून मोठ्या प्रमाणावर हातानेच चालते. हार्वेस्टर, म्हणजे ऊस तोडणारं यंत्र, बाजारात आहे, पण तुकड्या-तुकड्यांच्या शेतात तो वळवायचा कसा? शिवाय मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन बीडकडची तोडणी कामगारांची टोळी येतेच. तिथे हिशेब चालतो कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तोडणीतले श्रम मोजायचेच असतील तर कोयत्यांच्या आकड्याला आधी दोनने गुणा.