अनुदानाचा हिशेब एका क्लिकवर : नव्या प्रभारी मुख्याध्यापकांसाठी चार युक्त्या

सर्वप्रथम अभिनंदन! शाळेत तुम्ही सेवाज्येष्ठ निघालात आणि मुख्याध्यापकाचा प्रभार तुमच्या गळ्यात पडला. प्रभाराबरोबर शिक्का, किल्ल्यांचा जुडगा, जडसंग्रह नोंदवही (शाळेच्या टिकाऊ वस्तूंची यादी) आणि एका वहीच्या मागच्या पानावर लिहिलेले पासवर्ड मिळाले असतील. ते सगळे पासवर्ड आधीच्या गुरुजींच्या मोबाइलला जोडलेले आहेत आणि गुरुजी आंतरजिल्हा बदलीने केव्हाच गेले, याची चिंता करू नका. ओटीपी त्यांना जाईल, ते वर्गात असतील, सुट्टीत तुमचा मिस्ड कॉल पाहून फोन करतील, तोवर ओटीपी मेलेला असेल. पुन्हा मागवा. तेवढीच जुनी ओळख टिकते.

आता मुद्द्यावर येऊ. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला मिळणारं संयुक्त शाळा अनुदान कसं खर्च करायचं हे सोपं आहे. नियमाप्रमाणे पट 30 पर्यंत असेल तर वर्षाला 10 हजार, 31 ते 100 असेल तर 25 हजार. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर. उरलेल्यात वीजबिल, खडू, डागडुजी, साहित्य आणि इंटरनेट. इंटरनेट कशासाठी, तर पैसे कशावर खर्च केले ते ऑनलाइन कळवण्यासाठी.

लिमिट, म्हणजे खर्चाची मर्यादा, कधी येते असं विचारू नका. मार्चमध्ये येते. 31 तारखेला परत जाते.

पूर्वी पैसे शाळेच्या खात्यात जमा व्हायचे आणि वर्षानुवर्षे पडूनही राहायचे. 2021 पासून राज्याचं एकच मुख्य खातं, शाळेच्या खात्यात शून्य, आणि पीएफएमएसवर, म्हणजे सरकारी पैशांचा हिशेब ठेवणाऱ्या केंद्राच्या पोर्टलवर, फक्त खर्चाची मर्यादा. कोणत्या शाळेने कुणाला किती रुपये कोणत्या तारखेला दिले, हे वर बसलेल्यांना जागेवर दिसावं म्हणून ही सोय. सोय चांगलीच आहे, हे मी गंभीरपणे म्हणतोय. वर बसलेल्यांना दिसतं, एवढं फक्त लक्षात असू द्या.

या पद्धतीत एक मेकर लागतो आणि एक चेकर. मेकरने भरायचं, चेकरने मंजूर करायचं. शाळा द्विशिक्षकी असेल तर दोघे गुरुजी संगणकापाशी बसतील आणि पहिली ते चौथीचे वर्ग एकमेकांना शिकवतील. यालाच समवयस्क अध्ययन म्हणतात, तशी नोंद टाचणवहीत करून ठेवा.

मंजूर झालं की पीपीए निघतो. म्हणजे पैसे ऑनलाइन पाठवण्याचा कागद. हा कागद छापायचा (शाळेत प्रिंटर नाही, गावातल्या सेतूत जा), त्यावर तुमची सही, शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांची सही, दोन शिक्के, आणि बँकेत नेऊन द्यायचा. अध्यक्ष कांद्याच्या काढणीवर असतील तर बांधावर जा, चिखलाचे हात पुसून सही घ्या. बँकेतले साहेब नमुना सहीशी ताडून पाहतील आणि म्हणतील, ही जुळत नाही. कशी जुळेल? नमुना सही अध्यक्षांनी खुर्चीवर बसून केली होती.

झाडू आठवडे बाजारातून घेऊ नका. बाजारातल्या बाईकडे जीएसटी क्रमांक नसतो आणि पोर्टलवर तिची व्हेंडर म्हणून नोंदही नसते. तालुक्याच्या दुकानातून पक्क्या बिलाने महाग झाडू आणा. त्याला पारदर्शकता म्हणतात.

आता खरी डिजिटल क्रांती, म्हणजे खर्चाचा अहवाल. इथे नीट लक्ष द्या, कारण नुकताच मी यातून तावूनसुलाखून निघालोय.

खर्च झाला. पीएफएमएसवर नोंद आहे. बँकेत नोंद आहे. कीर्दीत नोंद आहे, साठा नोंदवहीत आहे. आता शाळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लिंक येते. गूगल फॉर्म. युडायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), शाळेचं नाव, मिळालेली रक्कम, झालेला खर्च, शिल्लक. भरा. संध्याकाळी एक्सेल येते. तीच माहिती, फक्त रकाने उलटे. नमुना जुन्या फॉन्टमध्ये केलेला, त्यामुळे मोबाइलवर उघडला की तालुक्याच्या नावासकट सगळी अक्षरं विस्कटलेली. अंदाजाने भरा. दुसऱ्या दिवशी सूचना येते, 'एक्सेल भरलेल्या शाळांनी लिंकही भरावी व लिंक भरलेल्या शाळांनी एक्सेलही सादर करावे.' त्यानंतर हार्ड कॉपी, तीन प्रतींत, सहीशिक्क्यासह, केंद्रप्रमुखांमार्फत. त्यासोबत उपयोगिता प्रमाणपत्र. त्यासोबत, ज्या बाबींवर खर्च झालेला नाही त्यांचीही माहिती निरंक म्हणून. म्हणजे जे घडलंच नाही त्याचाही अहवाल. आणि शेवटी जिओ टॅग फोटो.

फोटोंचं सांगतो. तिसरीच्या वर्गाच्या खिडकीची काच फुटलेली होती. थंडीत मुलं कुडकुडायची, म्हणून बसवून घेतली. बिल लावलं, पैसे दिले, बसवलेल्या काचेचा फोटो अक्षांश-रेखांशासह पाठवला. कार्यालयातून उत्तर आलं, काम करण्यापूर्वीचा जिओ टॅग फोटो जोडलेला नाही, सबब अहवाल अपूर्ण. मी फोनवर म्हटलं, मॅडम, काच बसली. पलीकडून आवाज, 'सर, ते मला माहीत नाही, नमुन्यात दोन रकाने आहेत, दोन्ही भरले पाहिजेत.' आमच्या सहकारी बाई म्हणाल्या, आता एक दगड मारा, फोटो काढा आणि नवीन काचेचं बिल पुढच्या वर्षात टाका. त्या चेष्टेत म्हणाल्या असाव्यात. पण आमच्याच ओळखीत एकाने शौचालयाच्या रंगकामाचा 'आधीचा' फोटो म्हणून शेजारच्या गावातल्या शौचालयाचा फोटो टाकला, अक्षांश-रेखांश चुकीचे होते, तरी कुणाच्याही लक्षात आलं नाही. कारण ते फोटो कुणी बघतच नाही! रकाना भरला की झालं. एवढं गोळा करून ठेवायचं कुठे, तर कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमध्ये, पुढच्या वर्षी तेच पुन्हा मागवण्यासाठी.

आणि दुपारी दोनला ग्रुपवर यादी पडते. 'माहिती अप्राप्त शाळा.' तुमच्या शाळेची ओळ लाल रंगात. खाली, 'आज सायंकाळी पाचपर्यंत सादर न केल्यास संबंधित मुख्याध्यापकांना व्यक्तिशः जबाबदार धरण्यात येईल.' दोन वाजता चौथीचा भागाकार चालू असतो.

पुरे झाल्या युक्त्या.

शिक्षण कार्यालयातले साहेब, तुम्हाला सरळच विचारतो. तुमच्या लॉगिनला खालच्या शाळांचा खर्च दिसतो की नाही? दिसतो. रक्कम दिसते, तारीख दिसते, पैसे कुणाला गेले तेही दिसतं. मग संगणकाचा तो पडदा उघडायला तुमचे हात का धजत नाहीत? तुम्ही संगणक आणलात आणि कागद एकही कमी केला नाहीत. जुनं सगळं तसंच ठेवून त्यावर नवं रचलंत आणि ते उचलायला वर्गातला माणूस बोलावलात. कोट्यवधींची कामं कागदावर उभी राहतात तिथे कुणी अक्षांश-रेखांश मागत नाही, आणि इथे फिनेलच्या बाटलीला पुरावा लागतो. हिशेब मागा, तो तुमचा हक्कच आहे. चोरी करणाऱ्याला पकडा, आम्हीही हातभार लावू. पण एकदा मागा, एका जागी मागा, आणि शाळेच्या वेळेत मागू नका. पोरांची वाचनपातळी घसरली म्हणून बैठकीत आम्हाला उभं करता, तेव्हा ही लिंक कुणी पाठवली होती तेही त्याच बैठकीत सांगा.

आणि गुरुजी, तुम्हीही साळसूदपणाचा आव आणू नका. ग्रुपवर सूचना पडली की मिनिटभरात 'ओके सर', 'नोटेड सर' आणि हात जोडलेली चित्रं कोण टाकतं? आपणच ना? स्टाफरूममध्ये शिव्या आणि ग्रुपवर नमस्कार. लेखी विचारायची हिंमत एकाची होत नाही. पुढची लिंक आली की शाळेच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहा. सदर माहिती पीएफएमएसवर अमुक तारखेला नोंदवलेली आहे, ती पुन्हा स्वतंत्रपणे कोणत्या शासन निर्णयान्वये मागितली जात आहे ते कळावे. आवक क्रमांकाचा शिक्का मारून पोच घ्या. तो शिक्का अजून कागदावरच मारतात, त्याचा एकदा तरी उपयोग करा.