पाच व्होल्टची चिप, म्हणून पाच व्होल्टचा डायोड?

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत पॅनल बांधणाऱ्यांच्या मोबाइलवर एक सल्ला सारखा फिरतो: ‘आरएस-४८५ ची चिप ५ व्होल्टवर चालते. ए आणि बी तारांपासून ग्राउंडला ५ व्होल्टचे टीव्हीएस डायोड लावा, स्टॅटिकची चिंता मिटली. चिपवर १५ केव्ही लिहिलेलंच असतं, आणि डिफरन्शियल लाइनवर झटका आपोआप कटतो.’ आरएस-४८५ म्हणजे ए आणि बी या दोन तारांवर अनेक मीटर जोडायची पद्धत; सिग्नल दोन तारांमधल्या फरकातून वाचतात, म्हणून ती डिफरन्शियल. टीव्हीएस म्हणजे जास्तीचा व्होल्टेज ग्राउंडकडे वळवून चिप वाचवणारा डायोड. कृपा करून हा सल्ला पुढे पाठवू नका.

तारेवर ५ व्होल्ट असतात ते पाठवणाऱ्या चिपच्या ग्राउंडच्या मानाने. घेणारी चिप दुसऱ्या शेडमध्ये असते, आणि मोठ्या मोटारी चालू झाल्या की दोन्हीकडच्या ग्राउंडमध्ये काही व्होल्टचा फरक पडतो. आरएस-४८५ च्या मानकाने हा फरक ७ व्होल्टपर्यंत धरलाय. म्हणून वर ५ अधिक ७, म्हणजे १२; खाली शून्यातून ७ गेले, म्हणजे उणे ७. रिसीव्हरला या सगळ्या पट्ट्यात काम करावं लागतं.

तिथे ५ चा डायोड लावला तर? एकदिशा असेल तर तार उणे पाऊण व्होल्टाच्या आसपास गेली की तो वाहू लागतो, वरच्या बाजूला साडेसहा-सातला. स्टॅटिकचा पत्ता नसतानाही सिग्नल कापला जातो, डायोड तापत राहतो. टीव्हीएस जळतो तेव्हा बहुधा शॉर्ट होतो, मग त्या लाइनवरचे सगळे मीटर एकदम बंद. एका बाजूला १२ आणि दुसऱ्या बाजूला ७ चा एसएम ७१२ हा टीव्हीएस याच कामासाठी बनलाय, तोच लावा.

डायोडवरचा आकडा म्हणजे झटका तिथेच थांबतो, असंही नाही. तेवढ्या व्होल्टपर्यंत तो वाहणार नाही, एवढंच तो आकडा सांगतो. एसएमएजे ५.० ए हा ५ व्होल्टचा टीव्हीएस सुमारे ४३ अँपिअरला ९.२ व्होल्टपर्यंत चढतो. ७१२ मोठ्या झटक्यात वीसच्याही वर जातो, म्हणून डायोड आणि चिप यांच्यामध्ये दहाएक ओहमचा, पल्स सोसणारा रेझिस्टर टाकावा.

चिपवरचे १५ केव्ही, म्हणजे १५ हजार व्होल्ट, स्टॅटिकच्या कोणत्या चाचणीचे, हे डेटाशीटमध्ये बघाच. ह्यूमन बॉडी मॉडेल या चाचणीत झटक्याच्या वाटेत १५०० ओहम असतात, त्यामुळे ८ केव्हीला प्रवाह जेमतेम ५.३ अँपिअर. आयईसी ६१०००-४-२ या तयार उपकरणांच्या चाचणीत ३३० ओहम. त्याच ८ केव्हीच्या कॉन्टॅक्ट डिस्चार्जला, म्हणजे टोक थेट टेकवून दिलेल्या झटक्याला, पहिलं शिखर ३० अँपिअरचं, तेही नॅनोसेकंदात.

आणि झटका दोन्ही तारांवर सारखा आला तरी तो कटतो फक्त त्यांच्यातल्या फरकातून. चिपच्या पायांना सोसावा लागतो तो ग्राउंडच्या मानाने चढलेला व्होल्टेज, आणि चिप फुटते ती त्यानेच.