बाबांची सही

सोसायटीच्या मेंटेनन्सचा चेक परत आला. सही जुळत नाही म्हणे. बाबांनी बँकेच्या नावाने खडे फोडले आणि आम्हीही त्यांचीच री ओढली. चौतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाची सही चुकेल? दुसऱ्यांदा आला तेव्हा "वय झालंय" म्हणून मी विषय मिटवला. पुढे ठाण्यातल्या घंटाळीच्या देवळातून घरी येताना ते नौपाड्यातच रस्ता चुकले. तरी डॉक्टरकडे जायला आम्ही वर्ष घालवलं.

डॉक्टरांनी आधी बी-१२ आणि थायरॉइड तपासायला लावलं. त्यातल्या बिघाडानेही विसरायला होतं आणि ते औषधाने सुधारू शकतं. रिपोर्ट नॉर्मल आले, तर मलाच रडू फुटलं. मग कागदावर घड्याळ काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटांचं. बाबांनी बाराही आकडे उजव्या बाजूला कोंबले. बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "डावीकडची जागा भाड्याने देऊन टाका."

निदान झालं: डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश. "बरं होणार नसेल तर कळून उपयोग काय?" हे मला कितीदा ऐकावं लागलंय! उपयोग आहे. समज पूर्ण गेली की आधी केलेलं मुखत्यारपत्रही चालत नाही. मग घराच्या व्यवहारासाठी हायकोर्टाची पायरी चढायची वेळ येते. मृत्युपत्र तर समज शाबूत असतानाच करावं लागतं. बाबांचं थोडक्यात निभावलं. घर कोणाला, दागिने कोणाला, हे त्यांनी स्वतः सांगितलं. दुसरं म्हणजे, "आत्ताच सांगितलं ना!" हे माझं खेकसणं बंद झालं. (कमी झालं. खोटं कशाला बोलू?)

पण निदान झालं ते बाबांचं. फाईलवर त्यांचं नाव, त्यांच्या गोळ्या, पुढची तारीख. त्यांना सांभाळणारीला झोप मिळते का, हे दोन वर्षांत एकदाही कुणी विचारलेलं नाही. देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे लाखो घरांत कुणीतरी, बहुतेक वेळा बाईच, नोकरी सोडून किंवा अर्धवट करत बसलेली असणार. मी सोडली. पुण्याचा भाऊ फोनवर म्हणतो, "अगं, माझ्याशी तर छान बोलले!" बोलणारच. दहा मिनिटं ते सगळ्यांशीच छान बोलतात. रात्री तीनला शर्टाची बटणं लावून बँकेत जायला निघतात, ते मी बघते.

बारा तासांची मावशी ठेवणं सगळ्यांना परवडत नाही. ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रं आहेत, पण विसरणाऱ्या माणसाला चार तास तिथे कोण सांभाळणार? प्रत्येक प्रभागात असं एक तरी डे-केअर हवं, आणि निदानाच्या दिवशीच डॉक्टरांनी घरच्यांनाही वेगळं बसवून बोलायला हवं.

तोवर आमच्या तळमजल्यावरचे काका आहेत. दर बुधवारी पाचला पत्ते घेऊन वर येतात, बाबांशी रमी खेळतात. बाबा नियम विसरतात, मग काकाही विसरतात. मी तेवढ्यात तलावपाळीला एक फेरी मारून येते. फोन घरीच ठेवून.